दुर्बीण जरा आडवी करा

लिफ्टशेजारी आज सकाळी एक कागद चिकटला आहे. हिंदीत आहे, म्हणजे प्रकरण गंभीर आहे. आमच्याकडे गणपतीची वर्गणी मराठीत मागतात आणि तंबी हिंदीत देतात. मजकूर असा, की काही रहिवासी रात्री गच्चीवर दुर्बीण लावून शेजारच्या घरांत डोकावतात, हे सभ्यतेला धरून नाही. काही रहिवासी कसले? इमारतीत दुर्बीण एक, आणि ती माझी. दूधवाल्यानंही कागद वाचलेला दिसतोय. पिशवी हातात देताना असा हसला, की मी उगाच अर्धा लिटर जास्त घेतलं.

मी काय बघत होतो ते सांगतो. मे महिना, अमावास्येच्या आसपासची रात्र, आभाळ धुतल्यासारखं. गुरू मिथुन राशीत, पुनर्वसूच्या जोडीजवळ, पश्चिमेला उतरत आलेला. आणि त्याच्या चार मोठ्या चंद्रांपैकी सगळ्यात आतला, आयो, नेमका त्याच्या तबकडीसमोरून जात होता. अशा वेळी आयोची सावली गुरूच्या ढगांवर पडते आणि एक काळा कुळकुळीत ठिपका दोन तास या कडेपासून त्या कडेपर्यंत सरकत जातो. गुरूवर तिथे कुणी असलंच, तर त्याला खग्रास सूर्यग्रहण दिसत असेल. आयो बेचाळीस तासांत एक फेरी मारतो, त्यामुळे हा खेळ पुन्हा पुन्हा होतो; पण इंदूरात अंधार पडल्यावर, गुरू मावळण्याआधी, सुट्टीच्या आदल्या रात्री आणि ढग नसताना होणं म्हणजे योगच.

अडचण एकच होती, गच्ची. 'सुबह-ए-बनारस, शाम-ए-अवध, शब-ए-मालवा' असं म्हणून माळव्याच्या रात्रींचं कौतुक करणारा माणूस सिमेंटच्या स्लॅबवर झोपलेला नसावा. वारा गार सुटतो हे खरं, पण दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत वाफा सोडत राहतो आणि दुर्बिणीतला गुरू उकळत्या पातेल्याच्या तळाशी पडलेल्या नाण्यासारखा लटलटतो. म्हणून मी दुर्बिणीभोवती दोन बादल्या पाणी शिंपडलं.

आमच्या इमारतीत तुम्ही रात्री बंदूक झाडलीत तरी चालेल. पाणी सांडलंत, तर तिसऱ्या मजल्यावरचे काका वर येतात.

काका पाणीपुरवठ्याच्या नोकरीतून निवृत्त झाले, पण पाणीपुरवठा त्यांच्यातून निवृत्त झालेला नाही. नर्मदेचं पाणी जलूदहून, सत्तर किलोमीटरवरून, पंपांनी चढवत चढवत इंदूरला आणतात आणि ते १९७८ साली पहिल्यांदा शहरात आलं, हे ते कुणालाही, लग्नाच्या पंगतीतसुद्धा सांगतात. आता इतक्या लांबून येणारं पाणी दिवसाआड येतं आणि काका ते येतं त्या दिवसाला वार म्हणतच नाहीत, 'नर्मदेचा दिवस' म्हणतात. तर काका आले. अंगात बनियन, खाली लेंगा, हातात मोबाइलची टॉर्च, आणि टॉर्च थेट माझ्या डोळ्यांत.

अंधाराला डोळा सरावायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. उजेडात ती सगळी एका क्षणात जातात. मी मिठाईच्या खोक्यावरचा लाल कागद टॉर्चला गुंडाळून बसलेलो, का, तर लाल उजेडानं डोळा कमी बिघडतो. काकांच्या टॉर्चपुढे त्या कागदाची काय कथा.

"पाणी कोण ओततंय?"

"मी, काका. टॉर्च जरा खाली धरता का?"

"हे काय, तोफ?"

"दुर्बीण. गुरू बघतोय."

"कुणाचा?"

"ग्रह, काका. गुरू ग्रह."

"अच्छा, तो. आमच्या धाकट्याच्या पत्रिकेत सातव्या घरात आहे, तरी लग्न जमत नाही. तुझ्यातून कुठल्या घरात दिसतो?"

मी म्हटलं, बघा. काकांनी दोन्ही हातांनी नळी गच्च धरली. अशी धरली की गुरू जातोच. पृथ्वी फिरते, त्यामुळे एकशेवीस पटीवर ग्रह मिनिट-दीड मिनिटात आपणहून चौकटीबाहेर सरकतो. काकांना तेवढं थांबायची गरज पडली नाही. मी तो पुन्हा आणून दिला. त्यांनी बघितला आणि विचारलं, "एवढासाच?"

हा प्रश्न दुर्बिणीवाल्याला कुणी ना कुणी विचारतंच आणि त्याचं उत्तर द्यायचं नसतं. पण मला हुशारी सुचली. म्हटलं, "काका, तो सध्या पंच्याऐंशी कोटी किलोमीटरवर आहे. हा जो उजेड बघताय ना, तो तिथून पाऊण तासापूर्वी निघालाय."

काका गप्प झाले. मला वाटलं, विराट विश्वापुढे माणूस नम्र होतो म्हणतात ते हेच. मग ते म्हणाले, "पंच्याऐंशी कोटी? मग त्या मैदानापलीकडच्या बिल्डिंगची टंकी तर दिसेलच!"

"काका, पण..."

"भिया, जरा आडवी कर ना."

पुढचा तास-सव्वा तास गुरूचा नव्हता, टंकीचा होता. काकांचा संशय जुना आहे: समोरचे लोक नर्मदेच्या दिवशी लाइनीवर टुल्लू पंप लावून पाणी ओढतात, त्यामुळे आपल्याकडे धार बारीक येते, आणि ओढलेलं पाणी रात्रभर गच्चीवरून वाहून जातं. पुरावा नव्हता. आता सहा इंची आरशाचा पुरावा त्यांच्या हाताशी उभा होता. दुर्बीण जमिनीवर ठेवली तर कठडा आड येतो, म्हणून वॉचमनचं टेबल वर आलं. टेबलाबरोबर वॉचमन आला. वॉचमन कुठे गेला हे बघायला दुसऱ्या मजल्यावरचे दोघे आले. चार फुटांची नळी बैठकीसकट टेबलावर चढवली, टेबल डुगडुगलं, माझा जीव डुगडुगला, आणि शेवटी ती काळी प्लास्टिकची टंकी चौकटीत आली. काकांनी डोळा लावला.

"अरे! पाणी वर चाललंय!"

"काका, त्यात उलटं दि..."

"बघ! पाइपातून वर चढतंय! टुल्लू! मी सांगत नव्हतो?"

आरशाच्या दुर्बिणीत चित्र उलटं दिसतं, वरचं खाली आणि डावीकडचं उजवीकडे, हे मी समजावून सांगितलं. वाहून जाणारं पाणी म्हणून वर जाताना दिसतं. काकांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जशी ते फक्त नव्या प्लंबरकडे बघतात.

"म्हणजे गुरूपण तू उलटाच बघतोस?"

"हो. आकाशात काही फरक पडत नाही."

"तुला नसेल पडत. केवढ्याला घेतलीस?"

मी आकडा सांगितला. तोसुद्धा बायकोला सांगितलेला, म्हणजे खऱ्यापेक्षा कमी.

"एवढे पैसे मोजून उलटं? दुकानदारानं फसवलं तुला. बिल आहे का? बिल असेल तर बदलून देतील."

"काका, सगळ्यांच्या अशाच असतात. वेधशाळांच्यासुद्धा."

"बिल हरवलंस तू," काका म्हणाले आणि हळहळले. खरंच हळहळले, त्याचाच मला जास्त राग आला.

मग त्यांनी इलाज शोधला. टेबलाला पाठ लावून, कमरेतून मागे वाकून, मान उलटी करून ते आयपीसला डोळा भिडवायला गेले. डोळ्याआधी टाळू पोचली. काका रात्री झोपताना टाळूवर खोबरेल चोपडतात ही माहिती मला तोवर नव्हती. आयपीसच्या भिंगावर तेलाचा जाड पट्टा उमटला, त्यात एक पांढरा केस. भिंगावर पातळ लेप असतो, तो रुमालानं पुसायचा नसतो. फुंकणीनं धूळ उडवायची, मग खास कागदावर द्रव घेऊन हलक्या हातानं टिपायचं. हे मी सांगेपर्यंत काकांनी बनियनच्या टोकानं पुसलं होतं. "घे, चकाचक."

हसू नका. तो आयपीस मी पुण्याहून मागवला होता.

सगळ्यांना टंकी दाखवण्यात आली. वॉचमनला, दोघांना, त्यातल्या एकाच्या बायकोला, तिच्या हातातल्या कलिंगडाच्या ताटलीला. कुणी म्हणालं समोरची तिसरी टंकीपण बघा. कुणी म्हणालं खाली गल्लीत ती लाल गाडी कुणाची उभी असते, नंबर वाचता येईल का? एकानं तर सराफ्यातल्या खाऊगल्लीत आज गर्दी किती आहे ते दिसेल का म्हणून विचारलं. मी प्रत्येकाला म्हणत होतो, अहो, वर गुरू आहे, आयोची सावली आहे. ऐकणारे 'हो का' म्हणत आणि रांगेत पुढे सरकत. पाऊण तास निर्वात पोकळीतून सरळ आलेला प्रकाश शेवटच्या वीतभर अंतरात दुसऱ्या मजल्यावरच्या पाठमोऱ्या माणसांवर पडून वाया जात होता. हे थोडं थोडं माझ्या घशाशी येत होतं. दहा वाजून गेल्यावर मी दुर्बीण खाली उतरवली तेव्हा गुरू मोबाइलच्या टॉवरमागे गेला होता.

याच आयोनं एके काळी केवढं काम केलंय! १६७६ मध्ये ओले रोमर या डॅनिश खगोलज्ञानं आयोच्या ग्रहणांच्या वेळा मांडल्या, त्या पृथ्वी गुरूपासून दूर जाताना मागे पडत जातात हे पाहिलं आणि त्यावरून प्रकाशाला पोचायला वेळ लागतो हे दाखवलं. तोवर प्रकाश तत्क्षणी पोचतो असं मानणारे मोठमोठे लोक होते. रोमरच्या घरासमोर टंकी नसावी.

पण मला वाईट वाटून घेण्याचा अधिकारच नाही, कारण ही खोड दुर्बिणीच्या जन्मापासूनची आहे. ऑगस्ट १६०९ मध्ये गॅलिलिओनं व्हेनिसच्या सिनेटर मंडळींना सेंट मार्कच्या मनोऱ्यावर चढवून आपली दुर्बीण दाखवली. काय दाखवलं? जहाजं. नुसत्या डोळ्यांना दिसण्याच्या दोन तास आधी समुद्रावरचं जहाज दिसतं म्हटल्यावर मंडळी खूश, आणि गॅलिलिओचा पगार वर्षाला हजार फ्लोरिन. गुरूकडे त्यानं ती वळवली पुढच्या जानेवारीत, तेव्हा हे चार चंद्र सापडले. म्हणजे आडवी होती तोवर पगारवाढ. उभी केली आणि १६३३ साली खटल्यात स्वतः उभं राहावं लागलं. इतिहासाचे अभ्यासक मधली गुंतागुंत सांगतील. मला आज ती ऐकायची नाही.

माझ्या दुर्बिणीच्या लाकडी बैठकीला डॉब्सोनियन म्हणतात. तो जॉन डॉब्सन अमेरिकेत रामकृष्ण परंपरेतल्या वेदान्त मठात संन्यासी होता. भंगारातल्या जाड काचा घासून आरसे करायचा, पुठ्ठ्याच्या नळ्यांत बसवायचा आणि रात्री गुपचूप बाहेर पडून पोराटोरांना चंद्र दाखवायचा. वारंवार गैरहजर असतो म्हणून १९६७ मध्ये मठानं त्याला बाहेर काढलं. मग तो सॅन फ्रान्सिस्कोच्या फुटपाथवर उभा राहिला आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांनी रांगा लावून आकाश बघितलं. आमच्याकडे रांग लागली, आकाश सोडून.

आणि आकाश तरी कुठे उरलंय? २०१७ पासून इंदूर स्वच्छतेत पहिला नंबर मिळवत आलंय, मला अभिमान आहे, घरात ओला-सुका कचरा मीच वेगळा करतो. पण दिव्यांचा जो उजेड जमिनीवर पडायचा सोडून वर सांडतो, तो कुठल्या डब्यात टाकायचा ते कुणी सांगत नाही. आमच्या गच्चीवरून उन्हाळ्यात सप्तर्षी दिसतात, त्यांच्या शेपटीच्या कमानीत पुढे गेलं की स्वाती, आणखी पुढे चित्रा. झालं. आकाशगंगा बघायची तर महूच्या पुढे जानापावच्या डोंगराकडे जावं लागतं. ज्या उज्जैनच्या मध्यान्हरेषेवरून भारतभरचे ज्योतिषी रेखांश मोजत, ते उज्जैन इथून पंचावन्न किलोमीटरवर. त्या मुलखात मी टंक्या मोजतोय.

बरं, डोकावण्याचा आरोप. अगदी समोरच्या खिडक्या इतक्या जवळ आहेत, की माझ्या दुर्बिणीत त्या फोकसच होत नाहीत. मैदानापलीकडच्या लोकांनी तक्रार केली तीही मला समजते. रात्री दहा वाजता बनियनवरचे लोक कठड्याशी रांग लावून, एकेक जण वाकून, आपल्या दिशेनं बघताहेत आणि मध्येच एक म्हातारा उलटा होतोय, हे दृश्य मलाही आवडलं नसतं. पण कागदावर सही कुणाची? समितीच्या वतीनं काकांची.

मी दुपारी त्यांच्याकडे गेलो. काका शांतपणे सुपारी कातरत होते. म्हणाले, "अरे, नोटीस लावावी लागते. ते लोक चौकीवर जायला निघाले होते. तू मनाला लावून घेऊ नकोस. तुझी ती उलटी आता वरच राहू दे."

मला जरा बरं वाटलं.

"कमिटीनं ठरवलंय," काका म्हणाले, "सरळ दाखवणारी एक घ्यायची. सोसायटीच्या मालकीची असली म्हणजे डोकावणं होत नाही, देखरेख होते. दुकान तुला माहीत आहे, तू बरोबर चल. बिल मी ठेवीन."

संध्याकाळी वर्गणीची यादी फिरली. मराठीत. माझ्या नावापुढे पाचशे रुपये आधीच लिहिलेले होते.