ग्वाल्हेरच्या गाडीला कॅनडाचा हीटर?

दर थंडीत ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो: ‘पारा ५ अंशांखाली गेला की इंजिन ऑइल गोठतं, म्हणून गाडी सुरू होत नाही. कॅनडासारखा इंजिन हीटर बसवा. ते जमत नसेल तर रोज सकाळी पंधरा मिनिटं गाडी जागेवरच चालू ठेवा. डिझेलवाल्यांनी टाकीत थोडं रॉकेल घालावं.’

हीटर ही खरी वस्तू आहे, थट्टेची नाही. उणे २०-३० अंशांच्या मुलखात तो इंजिनच्या ब्लॉकमध्ये बसवतात, रात्री घरच्या विजेवर लावतात आणि तो कूलंट, म्हणजे इंजिनात फिरणारं रेडिएटरचं पाणी, गरम ठेवतो. कॅनडात कित्येक पार्किंगमध्ये त्यासाठी प्लगचे खांबच असतात. आपल्याकडे थंडीची लाट आली तरी पारा उतरून उतरून २-३ अंशांवर येतो.

ऑइल गोठण्याची गोष्ट तर डब्यावरच खोटी ठरते. डब्यावर छापलेल्या ५डब्ल्यू-३० या ग्रेडमधलं ‘५डब्ल्यू’ म्हणजे उणे ३० अंशांतही इंजिन फिरेल इतपत ऑइल पातळ राहतं. १५डब्ल्यू-४० ची हीच परीक्षा उणे २० अंशांवर होते.

मग अडतं कुठे? बहुतेक वेळा बॅटरीत. आणि तिचा घात जानेवारीने नव्हे, मे महिन्याने केलेला असतो. बाहेर ४५ अंश, बॉनेटखाली त्याहून जास्त. आतलं पाणी उडतं, प्लेटा गंजतात. उन्हाळ्यात इंजिन हलकं फिरतं म्हणून ही अर्धमेली बॅटरी कशीबशी निभावून नेते. शून्याजवळ मात्र धडधाकट बॅटरीचीही ताकद बरीच घटते, त्यात ऑइल दाटलेलं, सेल्फला जोर जास्त लागतो. मग नुसतं कट-कट. इथे हीटर काय करणार? तो कूलंट तापवतो, बॅटरी चार्ज करत नाही. त्यापेक्षा टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी साचलीय का बघा. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर मल्टिमीटरने १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवलं तर ठीक. सेल्फ मारताना आकडा ९.६ च्या खाली कोसळला, तर खर्चाची तयारी ठेवा.

पंधरा मिनिटांची सवय चोक ओढायच्या, कार्ब्युरेटरच्या काळातली. आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीला अर्धा-एक मिनिट पुरे. मग हळू चालवत निघावं, इंजिन लवकर तापतं. दार लावलेल्या गॅरेजमध्ये तर तो पंधरा मिनिटांचा सल्ला जिवावर बेतेल. गाडीच्या धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

डिझेलमधलं मेण थंडीत जमू लागतं, एवढं खरं. म्हणून तर लडाखसाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांतही वाहतं राहणारं डिझेल आणलं. ग्वाल्हेर म्हणजे लडाख नव्हे. हिवाळ्यातल्या डिझेलचे निकष मुळातच वेगळे असतात, आणि रॉकेलने आजच्या कॉमन रेल पंपाचं, म्हणजे इंजिनला जबर दाबाने डिझेल पुरवणाऱ्या पंपाचं, वंगण कमी होतं. तो पंप दुरुस्त करून घ्यायला किती पैसे लागतात, ते कुठल्याही मेकॅनिकला विचारा.

डिझेलवाल्यांनी चावी फिरवून डॅशबोर्डवरचा वेटोळ्याचा पिवळा दिवा विझेपर्यंत थांबावं. तेवढ्यात ग्लो प्लग, म्हणजे डिझेल पेटायला मदत करणारे इंजिनातले छोटे हीटर, तापतात. तरीही गाडी धूर सोडत रडतच सुरू होत असेल, तर ते प्लग तपासून घ्या.