मेकॉले त्या दिवशी लंडनमध्ये नव्हताच

दर शिक्षकदिनाला आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक चित्र येतं. मुद्दाम पिवळा पाडलेला कागद, कोपऱ्यात मेकॉलेची, म्हणजे इंग्रजी शिक्षणाचा पुरस्कार करणाऱ्या त्या इंग्रज अधिकाऱ्याची, तसबीर, खाली ‘ब्रिटिश संसदेतलं भाषण, २ फेब्रुवारी १८३५’. मजकूर साधारण असा: मी भारत उभा-आडवा फिरलो, मला एकही भिकारी किंवा चोर दिसला नाही. या लोकांची नीतिमूल्यं इतकी उच्च आहेत की त्यांचा आध्यात्मिक कणा मोडल्याशिवाय हा देश आपण कधी जिंकू असं वाटत नाही. म्हणून त्यांची प्राचीन शिक्षणपद्धती बदलू या.

इतकी वर्षं मी ते न वाचता पुढे सरकवत होतो. यंदा शेजारच्या मुलीच्या बी.एड.च्या प्रकल्पात ते पहिल्याच पानावर निघालं, तेही तळटीपेसकट. तळटीप एका पुस्तकाची होती. ते पुस्तक काढून पाहिलं, तर त्यात त्या उताऱ्याखाली तळटीपच नाही.

‘संसदेतलं भाषण.’ इथेच सगळं कोसळतं, कारण बनवणाऱ्याने नेमकी तारीख दिलीय. मेकॉले जून १८३४ मध्ये मद्रासला उतरला, तो गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलातला कायदा सदस्य म्हणून. खासदारकी त्याने निघण्याआधीच सोडली होती. फेब्रुवारी १८३५ मध्ये तो कलकत्त्यात होता. बोटीने महिनोन्‌महिने लागायचे त्या काळी, सकाळी इथे आणि संध्याकाळी वेस्टमिन्स्टरला असं काही नव्हतं. आणि समजा, गेला असता तरी बोलणार कुठे? संसदेची जुनी इमारत १६ ऑक्टोबर १८३४ ला जळाली होती. डिसेंबरअखेर संसद विसर्जित झाली, निवडणुका झाल्या आणि नवी संसद भरली १९ फेब्रुवारी १८३५ ला. २ तारखेला संसद अस्तित्वातच नव्हती!

तारीख मात्र हवेतली नाही. त्याच दिवशी मेकॉलेने कलकत्त्यात शिक्षणावरचं आपलं प्रसिद्ध टिपण सादर केलं. १८१३ च्या कायद्याने शिक्षणासाठी ठेवलेले वर्षाला एक लाख रुपये संस्कृत-अरबीवर खर्चायचे की इंग्रजीवर, हा वाद होता. सरकारी दप्तरातले शिक्षणविषयक कागद १९२० मध्ये कलकत्त्याला छापले गेले, त्यात हे टिपण पूर्ण आहे आणि आज ते फुकट वाचता येतं. मी त्या मुलीबरोबर बसून ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. ना भिकारी, ना चोर, ना कणा.

‘भारत उभा-आडवा फिरलो.’ मद्रासहून उटीला गव्हर्नर जनरल बेंटिंकला भेटायला माणसांच्या खांद्यांवरून चारशे मैल, मग समुद्रमार्गे कलकत्ता. पहिल्या आठ महिन्यांतली त्याची भटकंती एवढीच.

‘एकही चोर दिसला नाही.’ याच माणसाच्या मसुद्यावरून पुढे भारतीय दंड संहिता घडली, ती २०२४ पर्यंत लागू होती. तिच्या चोरीविषयीच्या कलम ३७८ खाली एक उदाहरण होतं: खजिन्याची पेटी लादलेला बैल कोणी खजिना लबाडीने घेण्यासाठी एका दिशेला हाकला, तर बैल हलताक्षणी खजिन्याची चोरी झाली. आणि भिकारी? गुंटूरचा भीषण दुष्काळ १८३२-३३ चा, तो मद्रास इलाख्यातलाच. मेकॉले त्याच इलाख्यात वर्षभराने उतरला.

‘हा देश आपण जिंकू असं वाटत नाही.’ शनिवारवाड्यावर युनियन जॅक चढला १७ नोव्हेंबर १८१७ ला. मराठी माणसाने तरी हे वाक्य वाचताना जरा थबकायला हवं होतं. १८३५ मध्ये इंग्रजांपुढचा प्रश्न जिंकण्याचा नव्हता, जिंकलेल्या मुलखाचा कारभार स्वस्तात हाकायचा होता.

‘एवढे मोठे लोक भाषणात सांगतात, ते काय खोटं?’ असंही कोणी विचारतं. दहा जणांनी एकाच चित्रावरून उतरवलं तर पुरावे दहा होत नाहीत, एकच राहतो. आणि तो एक वर सांगितलाय तसा आहे.

मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. या बनावट उताऱ्यात मेकॉले आपलं कौतुक करतो. खऱ्या टिपणात तो म्हणतो की चांगल्या युरोपीय ग्रंथालयातलं पुस्तकांची एक फळी भारत आणि अरबस्तानच्या सगळ्या साहित्याच्या तोडीची आहे. त्याच टिपणात, थोडं आधी, त्याने कबूल केलंय की आपल्याला संस्कृतही येत नाही आणि अरबीही नाही. रक्ताने आणि रंगाने भारतीय, पण आवडीनिवडींनी, मतांनी, नीतीने आणि बुद्धीने इंग्रज असा वर्ग घडवायचं वाक्यही तिथलंच. त्याला झोडपायचंच असेल तर एवढा दारूगोळा त्याने स्वतःच्या हाताने लिहून ठेवलाय. तो सोडून आपण फुसका बार उडवतो.

मुलीने प्रकल्पात पहिलं पान बदललं. मी ग्रुपवर टिपणाची लिंक टाकली. उत्तर आलं, “पण भावना तर खरी आहे ना, काका?” संसदेतलंच भाषण हवं असेल तर तेही आहे म्हणा. १० जुलै १८३३ चं, मेकॉले खासदार असतानाचं, भारताच्या कारभाराविषयीच्या विधेयकावरचं. हिंदुस्थानचे लोक कधी युरोपीय धर्तीच्या संस्था मागतील, तर तो इंग्लंडच्या इतिहासातला सर्वात अभिमानाचा दिवस ठरेल, असं तो त्यात म्हणाला होता. तेव्हा त्याने भारत पाहिलासुद्धा नव्हता.