इटलीत सरकार पाडताना घ्यावयाची काळजी

इटलीतल्या एखाद्या आघाडीत तुम्ही चार-पाच टक्क्यांचा पक्ष चालवता आणि वर्षभरात एकही सरकार पाडलेले नाही? मग तुमचे कुठेतरी चुकते आहे. प्रजासत्ताक १९४६ सालचे, आणि २०२२ मध्ये मेलोनीबाई आल्या ते ६८वे सरकार. भागाकार करा आणि कामाला लागा.

आधी एक पथ्य: संसदेच्या वाटेला जाऊ नका. राज्यघटनेच्या कलम ९४ नुसार नव्या सरकारला दहा दिवसांत दोन्ही सभागृहांपुढे विश्वासमतासाठी उभे राहावे लागते. पाडायला मात्र मतदान लागत नाही. पक्षाच्या सचिवाने पाठिंबा काढल्याचे जाहीर केले, की पंतप्रधान मुकाट्याने राजीनामा घेऊन क्विरिनाले राजवाड्यावर राष्ट्राध्यक्षांकडे जातात. खासदार हॉटेलात कोंडायचा खर्चही नाही, कारण पक्षांतरबंदीच नाही. कलम ६७ म्हणते, खासदार कुणाच्या हुकमाला बांधील नाही. एकदा विश्वास मिळवलेले सरकार सभागृहातच पडले ते फक्त पंतप्रधान रोमानो प्रोदींचे, तेही दोनदा. १९९८ साली ३१३ विरुद्ध ३१२, आणि २००८ साली सिनेटमध्ये १६१ विरुद्ध १५६. त्या दुसऱ्या खेपेला विरोधकांनी सभागृहातच शॅम्पेन उडवली आणि एका सिनेटरने मोर्तादेल्लाच्या, म्हणजे बोलोन्याच्या प्रसिद्ध डुकराच्या सॉसेजच्या, चकत्या तोंडात कोंबल्या, कारण बोलोन्याच्या प्रोदींचे टोपणनावच ‘मोर्तादेल्ला’. इतका थिल्लरपणा नको. त्याच लोकांबरोबर उद्या पुन्हा आघाडी करायची असते.

खरी मेहनत पुढे, खातेवाटपात. त्याचे कोष्टक तेव्हाच्या सत्ताधारी ख्रिस्ती लोकशाही पक्षातल्या मास्सिमिलियानो चेन्चेल्लींनी १९६०च्या दशकाअखेरीस बसवून दिले आहे. तर्क भागधारकांचा: पक्षाच्या अधिवेशनात गटाला जितके टक्के, तितका सत्तेत वाटा. प्रत्येक खात्याला वजन असते. गृह आणि तिजोरी जड, बिनखात्याचा मंत्री हलका; हिशेब जुळेना की राज्यमंत्रिपदे चिल्लर म्हणून टाकायची. सरकारी टीव्ही ‘राई’ही विसरू नका. १९८०च्या दशकाअखेरीस पहिली वाहिनी ख्रिस्ती लोकशाहीवाल्यांची, दुसरी समाजवाद्यांची आणि तिसरी चक्क विरोधी बाकांवरच्या कम्युनिस्टांची होती. उपाशी विरोधक फार ओरडतो.

पडलेला माणूस टाकून देऊ नका. आंद्रेओत्तींचे पहिले सरकार १९७२ साली शपथेनंतर नवव्या दिवशी विश्वासमत हरले. ते काळजीवाहू म्हणून जूनपर्यंत बसून राहिले आणि निवडणुकीनंतर पुन्हा पंतप्रधान झाले. अशा त्यांच्या एकूण सात खेपा झाल्या.

पण सफाई शिकायची तर एप्रिल १९८७ अभ्यासा. ख्रिस्ती लोकशाहीला मुदतपूर्व निवडणूक हवी होती, म्हणून पडण्यासाठीच फान्फानींचे सरकार उभे केले. मंत्री त्यांच्याच पक्षाचे आणि थोडे अपक्ष. समाजवाद्यांनी डाव ओळखला आणि विश्वासमताला चक्क सरकारच्या बाजूने मते टाकली. आता सरकार तरते की काय! तेव्हा ख्रिस्ती लोकशाहीचे खासदार स्वतःच्याच सरकारच्या मतदानात तटस्थ राहिले. सरकार पडले, जूनमध्ये निवडणूक झाली आणि जुलैत आलेल्या नव्या मंत्रिमंडळात गृहमंत्री झाले फान्फानी.