खुलासा: डेकवरच्या गळतीला सिलिकॉन हे सरसकट उत्तर नाही

‘बाथरूमला लावतो तेच सिलिकॉन शिडाच्या बोटीच्या डेकवर सगळीकडे चालतं,’ असा सल्ला सध्या फिरतोय. तो चुकीचा आहे.

क्लीट (दोर बांधायचा खुंटा), स्टॅन्शन (कठड्याचा खांब) यांच्या बुडाशी सतत ओढाताण असते. तिथे सिलिकॉनची पकड सुटते, आणि मागे राहणाऱ्या त्याच्या अदृश्य थरावर पुढे रंग, इपॉक्सी (कडक होणारं राळेसारखं रसायन) किंवा दुसरं सीलंट (फटी बुजवणारा पदार्थ) नीट बसत नाही. तो थर काढणं म्हणजे शुद्ध डोकेदुखी!

दुसऱ्या टोकाचा सल्ला थ्रीएम ५२०० चा. हे पॉलियुरेथेन जातीचं सीलंट चिकटतं जबरदस्त, पण उद्या क्लीट काढायची वेळ आली तर जेलकोटचे (फायबरग्लासवरच्या गुळगुळीत थराचे) टवकेही सोबत येऊ शकतात. काढावी लागणारी फिटिंग असेल, तर ब्युटाइल टेप (रबरासारखी मऊ, चिकट पट्टी) बरी. बोल्टच्या भोकाची वरची कड थोडी उतरती कापायची, म्हणजे टेप तिथे दबून वायसरसारखी बसते. मात्र डिझेल-पेट्रोलने ब्युटाइल विरघळतं, म्हणून इंधन भरायच्या तोंडाशी ते नको. सागवानी फळ्यांच्या सांध्यांत पॉलिसल्फाइड हे आणखी एक सीलंट चालतं. अ‍ॅक्रिलिकच्या खिडक्यांना ते लावू नका, प्लास्टिकला तडे जातात. तिथे मात्र सिलिकॉन चालू शकतं.

खरं दुखणं सीलंटच्या खाली असतं. फायबरग्लासच्या दोन थरांमध्ये बऱ्याचदा बाल्साचं लाकूड असतं. बोल्टच्या भोकातून पाणी मुरलं की ते कुजतं. म्हणून भोक आधी मोठं पाडून घट्ट इपॉक्सीने भरायचं, सुकल्यावर त्यातूनच बोल्टचं भोक पाडायचं. मग सीलंट हरलं तरी लाकूड कोरडं राहतं.