खुलासा : फ्लशच्या टाकीत वीट ठेवून गळती थांबत नाही

‘कमोडमध्ये सतत पाणी झिरपतंय? टाकीत वीट ठेवा,’ असा मेसेज पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतोय. विटेने दर फ्लशला थोडं कमी पाणी जातं, एवढंच. गळती तशीच राहते. उलट वीट पाण्यात झिजते आणि तिची कच टाकीच्या तळाचं भोक बंद करणाऱ्या रबरी वॉशरखाली अडकते.

आधी गळती कुठून आहे ते बघा. टाकीत खाण्याचा रंग घाला आणि अर्धा तास फ्लश करू नका. कमोडात रंग उतरला, तर पाण्याची पातळी तपासा. पाणी ओव्हरफ्लो पाइपच्या (जादा पाणी कमोडात सोडणाऱ्या उभ्या नळीच्या) तोंडाशी आलं असेल तर फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगणारा भाग, खाली घ्या, बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं. पातळी खाली असूनही रंग उतरत असेल, तर तळाचा रबरी वॉशर बसत नाहीये. बोअरच्या किंवा टँकरच्या जड पाण्याने त्यावर क्षार साचतात. अँगल कॉक (टाकीला पाणी देणारा भिंतीवरचा नळ) बंद करून, टाकी रिकामी करून वॉशर काढा आणि व्हिनेगरमध्ये भिजवून पुसा. रबर कडक झालं असेल तर मात्र बदलाच. जुना वॉशर सोबत न्या, नाहीतर बोहरी आळीत, पुण्याच्या हार्डवेअर बाजारात, दुकानदार ‘कोणत्या मापाचा?’ विचारणारच.