शनिवार की सोमवार

2008 साली मध्य पेनसिल्व्हेनियातल्या एका लहान गावात, एका कारखान्याच्या हिशेबखात्यात मी नोकरीला लागले. दोनेक महिने झाले असतील. थँक्सगिव्हिंगची, म्हणजे नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारी येणाऱ्या सणाची, सुट्टी संपवून सोमवारी सकाळी कामावर गेले तर पार्किंग ओस. फोनवर तारीख पाहिली, 1 डिसेंबर. बरोबर होती. आत रिसेप्शनवरची बाई एकटीच कॉफी घेत बसली होती. सगळे कुठे गेलेत, असं विचारल्यावर तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं कोणी आषाढी एकादशीला पंढरपुरात उतरून गर्दी कसली म्हणून विचारावं. म्हणाली, "अगं, आज हरणांचा पहिला दिवस!"

ती सरकारी सुट्टी नव्हती. गावानं आपली आपणच घेतलेली होती. शाळासुद्धा बंद. मास्तरही रानात आणि वरच्या वर्गातली पोरंही रानात, मग वर्ग उघडून करायचं काय? 1963 पासून पेनसिल्व्हेनियात बंदुकीनं हरीण मारायचा हंगाम थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी उघडायचा. त्या दिवशी रानात बंदूक घेऊन इतकी माणसं असतात, की डोक्यावर, छातीवर नि पाठीवर मिळून 250 चौरस इंच भडक नारिंगी कापड दिसलंच पाहिजे असा नियम आहे. पेट्रोल पंपावर, बँकेत, हॉटेलात, जिकडे पाहावं तिकडे झेंडूच्या रंगाची माणसं.

2019 च्या एप्रिलमध्ये राज्याच्या गेम कमिशननं, म्हणजे शिकारीचं नि वन्यप्राण्यांचं पाहणाऱ्या सरकारी संस्थेनं, 5 विरुद्ध 3 मतांनी हा दिवस बदलला. सोमवारऐवजी त्याच्या आधीचा शनिवार. दोन दिवसांचा तर फरक! पण आमच्या कारखान्याच्या जेवणघरात त्यावरून जी तोंडं वाजली, ती निवडणुकीच्या वर्षीही वाजली नव्हती.

सोमवारवाल्यांचे पुढारी म्हणजे आमच्याकडचे एक वयस्क वेल्डर. त्यांचं म्हणणं मी इतक्यांदा ऐकलंय की मला ते पाठ आहे. गुरुवारी बायकोमुलांत बसून टर्की खायची. शुक्रवारी ट्रकमध्ये सामान भरायचं. शनिवारी उत्तरेकडे पॉटर काउंटीत आपल्या कॅम्पवर पोचायचं. हा कॅम्प म्हणजे आजोबांनी बांधलेली दोन खोल्यांची लाकडी झोपडी, वर्षभर बंद, आत उंदरांचं राज्य. ती झाडायची, चूल पेटवायची, वाण्याकडून अंडी नि बेकन आणायचं. रविवारी बंदुकीचा नेम तपासायचा, रात्री पत्ते. आणि सोमवारी अंधारात उठून डोंगर चढायचा. "शिकार सोमवारी असते, पण सण शनिवारपासून असतो," असं ते म्हणायचे. तिकडची लॉजं, खानावळी, चर्चमधली सार्वजनिक जेवणं, सगळं त्या दोन दिवसांवर चालायचं. शनिवारीच हंगाम उघडला तर गुरुवारी रात्रीच पानावरून उठून पळायचं का?

दुसऱ्या बाजूला पॅकिंगमधला एक पंचविशीतला मुलगा. नवी नोकरी, रजा मोजून चार. सोमवारी गेला तर दिवसाचा पगार बुडाला. पलीकडच्या तालुक्यात त्याची शाळकरी बहीण राहायची. तिच्या शाळेत सोमवारी सुट्टी नसायची, त्यामुळे तिला पहिला दिवस कधी मिळालाच नव्हता. तो एकदाच बोलला, पण मुद्द्याचं बोलला: "तुमच्या आठवणी शाबूत राहाव्यात म्हणून मी कामावर बसायचं होय?"

कमिशनही त्याच मुलाकडे पाहत होतं, आणि त्याला कारण होतं. हे कमिशन राज्याच्या सर्वसाधारण करांवर चालत नाही. लायसनची फी, बंदुका नि काडतुसांवरच्या केंद्रीय करातून 1937 च्या कायद्यानं मिळणारा वाटा, आणि आपल्या ताब्यातल्या जमिनींचं उत्पन्न, यांवर ते चालतं. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला राज्यात बारा-तेरा लाख लायसनं विकली जायची. 2018 च्या सुमारास ती साडेआठ लाखांच्या आसपास आली. म्हातारे थांबतात आणि नवे येत नाहीत. शिकारी कमी झाले की पैसा घटतो आणि हरणं वाढतात. हरणं वाढली की मका जातो, जंगलातली कोवळी रोपं जातात, आणि रात्री गाडी चालवणाऱ्याच्या काळजाचा ठोका चुकतो. माझी स्वतःची एक गाडी अशी गेली आहे. हरीणही गेलं, बिचारं.

गंमत अशी, की एकोणिसावं शतक संपताना या राज्यात हरीण जवळजवळ उरलंच नव्हतं. 1895 मध्ये कमिशन स्थापन झालं ते त्यासाठीच, आणि 1906 पासून बाहेरच्या राज्यांतून हरणं विकत आणून इथे सोडली गेली. तेव्हा शिकाऱ्यांनी बंदी पाळली, पैसे भरले. हरणाला हात लावायचा की नाही, किती मारायची, पैसा कोणी द्यायचा, हे सगळे प्रश्न इथे शंभर वर्षांपूर्वी भांडून झालेत. म्हणून आता वारावर भांडता येतं.

पुण्याची माझी मैत्रीण हे ऐकून उखडली. "मुळात मारायचीच कशाला?" तिचा प्रश्न खोटा नाही. पण हाच प्रश्न मी विदर्भातल्या माझ्या मावसभावाला विचारून पाहिलाय. त्याच्या हरभऱ्यात रोही, म्हणजे नीलगाई, शिरतात आणि रात्रभर तो मचाणावर डबे वाजवतो. 2016 साली दिल्लीत मनेका गांधी आणि प्रकाश जावडेकर हे एकाच मंत्रिमंडळातले दोन मंत्री रोही-रानडुकरं मारण्यावरून जाहीरपणे भांडले, त्यात चंद्रपूरचंही नाव निघालं. माझ्या मावसभावाचा हरभरा अजून तसाच उघडा आहे. आपलं भांडण "मारायचं की नाही" याच्या पुढे सरकत नाही. मैत्रिणीला मी एवढंच म्हटलं, की मचाणावर एक रात्र काढून ये, मग बोलू.

पण मला खरं सांगायचंय ते वेगळंच. 2019 मध्ये मी शनिवारच्या बाजूची झाले, अजूनही आहे. आणि माझ्या नवऱ्याच्या मते हा माझा दुटप्पीपणा आहे. कारण मी हर्णैची, आणि हर्णैच्या बाबतीत मी नेमकी उलटी बोलते.

आमच्याकडेही हंगाम उघडतो, दर्याचा. महाराष्ट्रात यांत्रिक नौकांना 1 जून ते 31 जुलै अशी 61 दिवस मासेमारीबंदी असते. 1 ऑगस्टला बंदी उठते. ही झाली सरकारची तारीख. कोळीवाड्याची तारीख वेगळी, नारळी पौर्णिमा. दर्याला नारळ अर्पण केल्याशिवाय होडी पाण्यात लोटायची नाही, हे मी लहानपणी पाहिलेलं. शाकारलेल्या होड्या किनाऱ्यावर ओळीनं बसलेल्या, रंगाचा वास, जाळी विणत बसलेले म्हातारे, आणि समोर सुवर्णदुर्गावर आपटणाऱ्या लाटा. पौर्णिमेचं उधाण ओसरलं की समुद्र हळूहळू शांत होतो, एवढा साधा त्यातला हिशेब.

आता ही पौर्णिमा सरकते. 2019 ला ती 15 ऑगस्टला होती. 2023 ला अधिक श्रावण आला आणि ती थेट 30 ऑगस्टला गेली, म्हणजे सरकारी तारखेनंतर जवळजवळ महिनाभर. या मधल्या दिवसांत काय होतं? दादा बंदरावरच बर्फाचा धंदा करतो. तो फोनवर सांगतो: "मोठ्या इंजिनवाले एक तारखेला वारा जरा पडला की निघतात. छोट्यांनी काय करायचं? समुद्र उभा असतो. ते नारळाची वाट बघत बसतात, आणि मोठ्यांनी आणलेल्या कोळंबीचा लिलाव बघतात." दोन महिने दर्या राखायचा सगळ्यांनी, आणि राखलेल्या दर्यावर पहिला हात मारायचा मोठ्यांनी. बंदी वाढवा, ही मागणी किनाऱ्यावर अधूनमधून उठते ती काही उगीच नाही.

नवरा म्हणतो, "म्हणजे इथे तू लोकांच्या सोयीच्या बाजूची आणि तिथे परंपरेच्या. मग त्या वेल्डरबाबांचा सोमवार म्हणजे नारळी पौर्णिमाच नाही का?"

दिसायला आहे खरी. दोन्ही दिवस जुने, दोन्हींभोवती जेवणखाण, दोन्हींत एकमेकांची वाट पाहणं. पण मी परंपरा की सोय असं पाहत नाही. दार उघडलं की आधी आत कोण शिरतं, ते पाहते. पेनसिल्व्हेनियात सोमवारी दार उघडलं की आधी शिरतो तो रजा असलेला, कॅम्प असलेला, जुना माणूस. बिनरजेचा पोरगा बाहेर. शनिवारनं त्याला आत घेतलं. हर्णैला 1 ऑगस्टला दार उघडलं की आधी शिरतो तो मोठ्या इंजिनाचा. तिथे नारळाची तिथी लहानाला सांभाळते. म्हणून मी इथे नव्याची आणि तिथे जुन्याची. नवऱ्याला हे पटलेलं नाही. तो नागपूरचा आहे, त्याला दोन्हींतलं काही खायचं नसतं.

माझ्या बाजूलाही खोट आहे, ती लपवत नाही. शनिवार सगळ्यांना मोकळा असतो हे खोटं आहे. मॉलमध्ये, हॉटेलात, इस्पितळात राबणाऱ्याला शनिवार म्हणजे जुंपलेला दिवस, आणि आमच्या गावात आता तशाच नोकऱ्या जास्त. पौर्णिमेचंही तेच. अधिक महिना आला की तीस दिवस खाडा कुठल्या लहान कोळ्याला परवडतो? तिथीच्या नावानं त्याला उपाशी ठेवा, असं मी म्हणू शकत नाही. हरणाला तर यातलं काही कळत नाही. त्यांचा माजाचा काळ नोव्हेंबरच्या मध्याला भरात येतो, म्हणजे शनिवार काय नि सोमवार काय, दोन्ही त्यानंतरचेच.

वेल्डरबाबांना हट्टी म्हणणारे मात्र मला आवडत नाहीत. त्यांचं जे गेलं ते खरंच गेलं. तो ओस पडलेला सोमवार, सगळ्यांनी मिळून एकदम न सांगता घेतलेली सुट्टी, शनिवारला जमलेली नाही. शनिवारी ज्याला जायचं तो जातो, बाकीचे दुकानात जातात. वर पहिल्या वर्षी तर फजितीच झाली. रविवारी हरणाची शिकार न करण्याचा इथला कायदा 1873 पासूनचा, त्यामुळे 2019 मध्ये हंगाम शनिवारी उघडला, रविवारी बंद राहिला आणि सोमवारी पुन्हा उघडला. पुढच्या वर्षापासून तीन रविवार मोकळे झाले, आणि जुलै 2025 मध्ये ती रविवारबंदी कायद्यातूनच गेली.

2025 ला 29 नोव्हेंबरला हंगाम उघडला. वेल्डरबाबा आता निवृत्त आहेत. शनिवार-रविवार त्यांनी कॅम्पवर चूल सांभाळली, बंदुकीला हात लावला नाही, असं त्यांचा नातू सांगत होता. सोमवारी पहाटे मात्र डोंगर चढले. आमच्या शाळेनं सोमवारची सुट्टी अजून काढलेली नाही, त्यामुळे माझा मुलगा घरीच होता. दुपारी दारावर थाप पडली. नातू कागदात गुंडाळलेला मांसाचा तुकडा घेऊन उभा, हात गारठून लाल झालेले. मी दादाला व्हिडिओ कॉल लावला आणि विचारलं, याला आपला कोळी मसाला चालेल का?

दादा म्हणाला, "चालेल. पण आधी नारळ फोडलात का?"