कॉनरॉड जितका हलका तितका चांगला, हे रस्त्यावर खरे ठरते का?

इंजिनाची ताकद वाढवू पाहणाऱ्यांमध्ये सध्या एक संदेश फार फिरतो आहे. त्याचा गोषवारा असा: कंपनीचे कॉनरॉड (पिस्टनला क्रँक या फिरत्या दांड्याशी जोडणारे दांडे) लोखंडाच्या भुकटीचे, म्हणून ठिसूळ, रॉड जितका हलका तितका चांगला, तेव्हा रस्त्यावरच्या इंजिनातही ॲल्युमिनियम किंवा टायटॅनियम घालावे, आणि स्टीलच घ्यायचे तर फोर्जिंगचे, म्हणजे तापवून ठोकून घडवलेले, नको, बिलेटमधून, म्हणजे धातूच्या अखंड ठोकळ्यातून, कापलेले घ्यावे. तिन्ही विधानांत सत्याचा अंश आहे, म्हणूनच ती खपतात. पण रोज कामाला गाडी नेणाऱ्याने त्यांवर विसंबून पैसे घालू नयेत.

भुकटी म्हटले की खडू डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात लोखंडाची पूड तांबे आणि कार्बन मिसळून साच्यात दाबतात, भट्टीत भाजतात आणि गरम असतानाच प्रेसखाली ठोकून जवळजवळ अखंड स्टीलइतकी घन करतात. बीएमडब्ल्यू, फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी असे रॉड वर्षानुवर्षे वापरले आहेत. यांची कॅप, म्हणजे क्रँकला कवटाळणाऱ्या खालच्या टोकाचा सुटा अर्धा भाग, कापलेली नसते, मुद्दाम तडा देऊन तोडलेली असते: सुटी कॅप उजेडात तिरपी धरली तर सांध्याची बाजू फोडलेल्या गुळाच्या ढेपेसारखी खरबरीत दिसते, आणि ती आपल्याच रॉडवर बसवली की सांधा नखालाही लागत नाही. अर्थात, बिग एंड (रॉडचे क्रँकवर बसणारे हे खालचे टोक) लंबगोल झाला तर जुन्या पद्धतीने कॅप घासून भोक पुन्हा गोल करता येत नाही. शिवाय टर्बो बसवून सिलिंडरमधील दाब मूळच्या दुपटीकडे नेला, तर हे रॉड बदलायलाच हवेत. मूळ ताकदीच्या आसपासच राहणाऱ्याला मात्र ते ठिसूळ असल्याची भीती घालणे चुकीचे आहे.

आता हलकेपणाकडे येऊ, कारण खरा घोळ तिथे आहे. रॉडवर दोन वेगळ्या प्रकारचे भार येतात. वायूचा दाब त्याला दाबतो, आणि पिस्टन वरच्या टोकाला पोहोचून मागे वळताना त्याचे जडत्व रॉडला ओढते. ही ओढ आरपीएमच्या (मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांच्या) वर्गाच्या प्रमाणात वाढते. जनरल मोटर्सच्या एलएस-1 इंजिनाचा स्ट्रोक 92 मिमी आणि रॉडची लांबी सुमारे 155 मिमी आहे. पिस्टन, त्याला रॉडशी जोडणारी गजन पिन आणि रॉडचे वरचे टोक मिळून 800 ग्रॅम धरले, तर 6000 आरपीएमला ही ओढ सुमारे 1.9 टन भरते आणि 7000 ला 2.6 टन. समजा, हलक्या धातूमुळे रॉडमागे 150 ग्रॅम वाचले. त्यातला वरखाली होणारा वाटा साधारण एक तृतीयांश, म्हणजे 50 ग्रॅम, आणि 7000 आरपीएमला त्याने दांड्यावरची ओढ घटते ती सुमारे 160 किलोने. हलका पिस्टन आणि हलकी पिन घेऊन तेवढी बचत बऱ्याच कमी खर्चात होते. शिवाय व्ही-8 इंजिनात रॉडचे वजन बदलले की क्रँक पुन्हा बॅलन्स करावा लागतो, हे तो संदेश सांगत नाही.

ॲल्युमिनियमचे रॉड ड्रॅग रेसमध्ये चालतात, कारण तिथे आयुष्य सेकंदांत मोजतात. 8000 आरपीएमवर 10 सेकंदांची एक धाव म्हणजे जेमतेम 670 कार्यचक्रे (दोन फेऱ्यांचे एक चक्र). उलट ताशी सरासरी 50 किमी आणि 3000 आरपीएम धरले, तर लाखभर किलोमीटरमध्ये तोच आकडा 18 कोटींवर जातो. स्टीलला एक मर्यादा असते, जिच्याखालचा ताण कितीही वेळा दिला तरी ते व्यवहारात थकत नाही. ॲल्युमिनियमला तशी मर्यादा नाही, ते हळूहळू थकतच राहते. त्यात तापमान 100 अंशांनी वाढले की 155 मिमीचा ॲल्युमिनियम रॉड 0.37 मिमी लांबतो, स्टीलचा त्याच्या निम्माच. म्हणून पिस्टन आणि हेड यांच्यात जास्त अंतर सोडावे लागते. जाड आकारामुळे ब्लॉकला घासणे ही आणखी वेगळी कटकट.

टायटॅनियमच्या बाजूने होंडा एनएसएक्स (1990) आणि 2006 च्या कॉर्व्हेट झेड-06 चे दाखले दिले जातात, आणि ते खरे आहेत. पण ती इंजिने पहिल्यापासून त्या धातूसाठी आखलेली होती. टायटॅनियम स्टीलवर घासले की चिकटून ओरबाडले जाते, म्हणून रॉडच्या बाजूंना कठीण लेप लागतो. त्याचा ताठपणा स्टीलच्या निम्म्याहून थोडा जास्त, सुमारे 114 गिगापास्कल. त्यामुळे त्याच आकाराचा बिग एंड भाराखाली अधिक वाकतो आणि बेअरिंगवरचा तेलाचा थर आवळला जातो.

बिलेट की फोर्जिंग, यावर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. फोर्जिंगमध्ये धातूच्या कणांची ओळ आकाराबरोबर वळते. बिलेटमध्ये ती सरळ राहून कापली जाते. दोन्ही 4340 या मिश्रधातू स्टीलचे असतील तर फरक पाडते ती धातूची शुद्धता, हीट ट्रीटमेंट आणि शॉट पीनिंग (पृष्ठभागावर बारीक गोळ्यांचा मारा). आपल्याकडे 4340 चा जवळचा भाऊ ईएन-24, जो कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत लेथवर नवा लागलेला पोरगाही नावाने ओळखतो. मात्र बाजारात ‘टी’ अवस्थेत, म्हणजे आधीच ठरावीक हीट ट्रीटमेंट होऊन, मिळणारी त्याची सळई 850 ते 1000 मेगापास्कल ताण सोसणारी असते, आणि ती तशीच कापून ‘बिलेट रॉड’ म्हणून विकली तर नावाला 4340 आणि कामाला साधे स्टील असा प्रकार होतो. बिलेटची जाहिरात पाहणाऱ्याने कठीणतेचा दाखला मागावा.

माझ्या मते रस्त्यावरच्या बहुतेक इंजिनांना फोर्ज्ड 4340 पुरते. उरलेले पैसे बोल्टांवर घालावेत. जडत्वाची ती ओढ कॅपवर पोहोचते ती दोन बोल्टांमधून, आणि रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला की बऱ्याचदा आधी तुटलेला असतो तो बोल्ट, दांडा नव्हे. बोल्ट टॉर्क रेंचच्या अंदाजाने आवळू नयेत, कारण आट्यांवरचे तेल आणि घर्षण यांनुसार तोच टॉर्क वेगवेगळा ताण देतो. आवळण्याआधी आणि नंतर स्ट्रेच गेजने बोल्टची लांबी मोजावी, आणि बनवणाऱ्याने दिलेल्या आकड्याइतका, म्हणजे बहुधा मिलिमीटरच्या सातव्या हिश्शाच्या आसपास, तो ताणला गेला आहे ना हे प्रत्येक बोल्टसाठी वहीत लिहून ठेवावे. पुढे इंजिन उघडल्यावर एखादा बोल्ट मूळ लांबीपेक्षा मोठा भरला, तर तो थेट भंगारात टाकावा.